बर्गर न खाता केलेली समीक्षा

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या चर्चासत्राला आम्ही श्रोते म्हणून गेलो होतो. विषय नेहमीचाच: जागतिकीकरण आणि नव्वदोत्तरी मराठी साहित्य. बीजभाषण तासभर चालले. त्या तासात 'बर्गर-संस्कृती' हा शब्द अकरा वेळा आला. चौथ्या उल्लेखानंतर आम्ही वहीच्या समासात रेघा ओढू लागलो होतो, म्हणून आकडा खात्रीने सांगता येतो. ह्या शब्दाच्या एका टोकाला चंगळवाद होता, दुसऱ्या टोकाला तुटलेली नाती होती, मध्ये कुठेतरी बिघडलेली मराठी भाषा होती. बर्गर मात्र कुठेच नव्हता. भोजनाच्या सुटीत (श्रीखंड-पुरी होती, आणि पुन्हा वाढून घेण्याचा आग्रहही झाला) आम्ही वक्त्यांना नम्रपणे विचारले, "सर, आपण बर्गर कधी खाल्ला आहे का?" सर हसले. म्हणाले, "अहो, त्याच्यावर बोलायला तो खावा कशाला लागतो?" भोवतीच्या मंडळींना उत्तर आवडले. क्षणभर आम्हांलाही आवडले, हे कबूल करतो.

पण हेच वाक्य 'बर्गर'च्या जागी 'कादंबरी' हा शब्द घालून म्हणून पाहावे. कादंबरी न वाचता तिच्यावर बोलणाऱ्या प्राध्यापकाला आपण काय म्हणतो, ते इथे लिहिण्याची गरज नाही. आमचा आक्षेप सरांच्या आहाराला नाही. त्यांनी काय खावे आणि काय खाऊ नये हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न. आक्षेप असा आहे, की गेली तीसेक वर्षे मराठी समीक्षेने एका पदार्थाला शिवीसारखे वापरले आणि त्या शिवीला विश्लेषण मानले. ह्या पापात आम्हीही आहोत. एका जुन्या परीक्षणात आम्ही 'पिझ्झा-बर्गरच्या पिढीची कविता' असे लिहून गेलो आहोत आणि ते वाक्य तेव्हा आम्हांला फार धारदार वाटले होते. कवीने आम्हांला पत्र पाठवले नाही, हा त्याचा मोठेपणा.

तर प्रायश्चित्त म्हणून म्हणा, एल रीनो ह्या गावाविषयी सांगतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला मोटारीने अर्ध्या तासावर हे गाव आहे. वस्ती १७ हजारांच्या आसपास. आमचे भाचे त्या राज्यात नोकरीला असतात, त्यांच्याकडे राहायला गेलो असता एका दुपारी ते आम्हांला तिकडे घेऊन गेले. "मामा, इथे बघण्यासारखं काही नाही, पण खाण्यासारखं आहे," एवढीच प्रस्तावना त्यांनी केली. रॉबर्ट्स ग्रिल हे तिथले १९२६ सालापासूनचे दुकान. पांढऱ्या रंगाची छोटी बैठी इमारत, आत एक काउंटर, काउंटरपुढे स्टुले, आणि पलीकडे हातभर अंतरावर तवा. स्वयंपाकघर असे वेगळे नाहीच. जे घडते ते तुमच्या डोळ्यांसमोर घडते.

घडते ते असे. गोमांसाच्या ताज्या खिम्याचा एक गोळा तापलेल्या सपाट तव्यावर पडतो. त्यावर अत्यंत बारीक, जवळजवळ पारदर्शक कापलेला कांदा मूठभर टाकतात. मूठभर म्हणजे खरोखर मूठभर, पाहणाऱ्याला वाटावे की हात चुकला. मग उलथन्याने तो सगळा ढीग अंगातला जोर लावून दाबतात. कांदा मांसावर राहत नाही, मांसात जातो. गोळ्याची चकती होते, तिच्या कडा फाटतात, जाळीदार होतात. उलटल्यावर कांदा खाली येतो आणि मांसाच्याच चरबीत परतला जातो. काही धागे सोनेरी होतात, काही तपकिरी, कडेचे एखाददुसरे करपून काळे. वर चीजची चकती, तिच्यावर पाव उपडा. त्या पावाला खालची वाफ लागते, तो मऊ होतो आणि कांद्याचा वास पिऊन घेतो. थोडे मस्टर्ड, खारवलेल्या काकडीच्या दोनचार चकत्या, संपले. कोशिंबिरीचा डोंगर नाही, तीन मजले नाहीत, काठी टोचून उभा केलेला मनोरा नाही. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमचा गोंधळ पाहून एवढेच सुचवले की सुरीकाटा मागू नका, हातात धरा आणि पुढे वाकून खा.

आम्ही पुढे वाकून खाल्ले. पहिल्या घासाला मांसाची खारट कुरकुरीत कड, तिच्या मागोमाग कांद्याचा गोडवा, आणि मग आधीच्या दोघांना ठिकाणावर आणणारी मस्टर्डची आंबट तिखट टोचणी. कांदा इथे तोंडी लावणे नाही. तो आणि मांस वेगळे काढू म्हटले तरी निघत नाहीत. आम्ही दुसरा मागवला. भाच्यांनी न विचारता तिसरा सांगितला.

आता ह्या कांद्याचे काय करायचे? 'बर्गर-संस्कृती' म्हणणाऱ्यांकडे त्याचे उत्तर नाही, कारण त्यांना प्रश्नच माहीत नाही. एल रीनोमध्ये सांगितली जाणारी कथा अशी: हॅम्बर्गर इन नावाच्या दुकानाचे रॉस डेव्हिस ह्यांनी १९२२ च्या रेल्वे संपाच्या काळात, मांस महाग आणि कांदा स्वस्त म्हणून, पाच सेंटांच्या बर्गरमध्ये मांस थोडे आणि कांदा भरपूर घालायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला पोटभर दिसावे आणि दुकानदारालाही परवडावे, एवढाच हेतू. पुढे हीच कथा कुणी १९२९ नंतरच्या महामंदीची म्हणून सांगू लागले, कुणी तिला १९२६ साली जाहीर झालेल्या रूट ६६ ह्या महामार्गाशी जोडले. तीन वेगळे काळ एका कांद्यात मिसळले आहेत. दंतकथेचा अभ्यास करणाऱ्याला हे नवे नाही. लोकस्मृती सोयीची तारीख निवडते, आणि मंदी ही संपापेक्षा सोयीची असते. मंदीला कुणी जबाबदार नसतो, ती वादळासारखी येते. संपाला मात्र दोन बाजू असतात.

तो संप काय होता, हे थोडे सांगितले पाहिजे. १ जुलै १९२२ रोजी अमेरिकेतल्या रेल्वे दुरुस्ती-कारखान्यांतले सुमारे चार लाख कामगार कामावरून उतरले. सरकारी रेल्वे श्रम मंडळाने त्यांची मजुरी कापली होती. एल रीनो हे रॉक आयलंड रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे; तिचे दुरुस्तीचे कारखाने तिथे होते, गावाचे पोट त्यांवर होते. दोन महिन्यांनी, १ सप्टेंबरला, शिकागोतले फेडरल न्यायाधीश जेम्स विल्कर्सन ह्यांनी मनाई हुकूम दिला. त्या हुकुमाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. संपकऱ्यांना उत्तेजन देणारे काहीही पत्राने, तारेने, टेलिफोनवर किंवा तोंडी सांगायचीही त्यात मनाई होती. संप मोडला, वेगवेगळ्या कंपन्यांशी वेगवेगळे समझोते होत तो विझत गेला. बोलायला बंदी असलेल्या गावात लोक काउंटरवर बसून काय बोलत असतील, ह्याची नोंद कुठे असेलच तर ती त्या कांद्यात आहे.

आणि आता आमचे मराठीचे प्राध्यापक. जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक ते शिकवतात, चांगले शिकवतात. १९८२ चा गिरणी संप घरात कसा शिरतो, चुलीपर्यंत कसा पोहोचतो, भावाभावांत कसा उभा राहतो, हे ते ओळीओळीतून दाखवतात. तेच प्राध्यापक नाटकाच्या तासावरून उठून चर्चासत्राच्या व्यासपीठावर जातात आणि एका हरलेल्या संपाच्या आठवणीने भरलेल्या पदार्थाचे नाव भांडवलशाहीच्या चंगळीला देतात. इथे कुणीतरी हमखास म्हणेल की मग बर्गर म्हणजे त्यांचा वडापाव. हे वाक्य आम्हांला फार वर्षे खुपते आहे. त्यात तुलनेचा आधार काय, तर दोन्हींना पाव आहे! आकारावरून तुलना करायची तर पुस्तक आणि वीट ह्यांचीही करता येईल. तुलना करायचीच असेल तर ती खिशाची करावी, वेळेची करावी, पाळी सुटल्यावर उभ्याउभ्या खाणाऱ्याच्या हातांची करावी.

मांसाच्या गोष्टीत साहित्य आधीपासूनच गुंतलेले आहे, हेही आपण विसरतो. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपाने आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या लिथुआनियन स्थलांतरिताची ती कहाणी. लेखकाला दाखवायचे होते ते मजुराचे चिरडले जाणे. वाचकांनी वाचले ते काय, तर मांसात कसली घाण मिसळते. त्या थोड्या पानांनी देश हादरला, त्याच वर्षी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा कायदा झाला. मजूर जिथे होता तिथेच राहिला. खिम्याविषयी लोकांच्या मनात बसलेली शंका घालवण्यासाठी पुढच्या दुकानांना पांढरा रंग, चकचकीत पोलाद आणि उघडा तवा लागला. १९२१ साली विचिटा शहरात निघालेल्या व्हाइट कॅसलने तर नावातच पांढरेपणा घेतला. एल रीनोच्या त्या काउंटरपलीकडचा तवा आमच्या डोळ्यांसमोर का होता, ह्याचे निम्मे उत्तर एका कादंबरीत आहे. 'साहित्याचा समाजावर परिणाम' ह्या प्रश्नाला दरवर्षी तीच ती उदाहरणे लिहून विद्यार्थी गुण मिळवतात. हे उदाहरण आम्ही कुठल्याच उत्तरपत्रिकेत पाहिलेले नाही. आणि सिंक्लेअरच्या वाचकांनी शंभर वर्षांपूर्वी केलेली चूकच आमचे समीक्षक करत आहेत. तेव्हा मजूर सोडून घाण वाचली, आता मजूर सोडून चिन्ह वाचतात.

चिन्हवाल्यांचा प्रश्न निघालाच आहे. संदर्भासाठी दोन नावे नेहमी फेकली जातात. एक रोलां बार्थ, ज्यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये बीफस्टेक आणि तळलेल्या बटाट्यांवर लिहिले. पण बार्थ फ्रेंच होते, त्या ताटापुढे आयुष्यभर बसलेले होते. स्टेकमधल्या रक्ताचा रंग त्यांना माहीत होता म्हणून त्याचे फ्रेंचपण त्यांना सोलून काढता आले. दुसरे जॉर्ज रिट्झर. त्यांचे 'द मॅकडोनल्डायझेशन ऑफ सोसायटी' १९९३ साली आले. ते पुस्तक उघडणाऱ्याला कळते की त्याचा विषय बर्गर नाहीच. वेबरच्या विवेकीकरणाच्या सिद्धान्ताचा तो विस्तार आहे: कार्यक्षमता, मोजमाप, अंदाज बांधता येणे, नियंत्रण. एका कंपनीच्या कामाच्या पद्धतीचे नाव एका खाद्यपदार्थाला चिकटवण्याचे काम रिट्झरने केलेले नाही, ते आम्ही केले. मराठी चर्चासत्रांत त्या कंपनीला एका संपूर्ण पदार्थाची मालकी फुकट बहाल झाली. एवढी जाहिरात तिला विकत घेऊनही मिळाली नसती.

इथवर वाचून जुन्याचे भक्त खूश झाले असतील. म्हणजे साखळी दुकाने वाईट आणि गावातले जुने दुकान पवित्र, असेच ना? नाही. व्हाइट कॅसलची साखळी १९२१ ची, रॉबर्ट्स ग्रिल १९२६ चे. साखळी आधी आहे. तिचेही बर्गर पाच सेंटांचे होते, तिच्याही तव्यावर कांदा होता. तेव्हा आधी शुद्ध लोकपरंपरा आणि मग तिचे बाजारीकरण, हा आपल्या लोकसाहित्याच्या पाठ्यपुस्तकांतला लाडका क्रम इथे लागू पडत नाही. दोघे एकाच काळाची, शेजारच्या राज्यांतली भावंडे आहेत. एक फोफावत शहरोशहरी गेले, एक गावातच राहिले. एल रीनोमधले बर्गरही भराभर होतात, रोज सारखेच लागतात, आणि लागावेत अशीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. रिट्झरचे निकष लावले तर निम्मे तेही पुरे करतील. फरक कुठे आहे? आम्हांला दिसला तो एवढाच, की तिथे गोळा दाबणाऱ्या हाताला आपला जोर ठरवण्याची मुभा आहे. कांद्याची मूठ मापाच्या डब्यातून येत नाही. आणि नफा कुठे जातो, हे विचारायला फार लांब जावे लागत नाही. हा फरक लहान आहे, पण खरा आहे. तो पाहायचा तर काउंटरवर बसावे लागते.

'पारंपरिक' ह्या शब्दाबद्दलही थोडे सावध राहावे. एल रीनो गाव १८८९ सालचे. ते सैनिकी ठाण्याच्या सावलीत वाढले. फोर्ट रीनो १८७४ साली उभारला गेला तो शायान आणि अरापाहो लोकांवर नजर ठेवण्यासाठी. त्यांची राखीव जमीन १८९२ साली गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली करण्यात आली. ह्या जमातींचे मुख्यालय आजही गावाच्या उत्तरेला कॉन्चो येथे आहे. शंभर वर्षांच्या काउंटरला 'फार जुने' म्हणताना, त्या जमिनीवर त्याहून जुने लोक हयात आहेत हे जिभेवर असलेले बरे. तरीही ते काउंटर खोटे ठरत नाही. परंपरा म्हणजे आरंभाची शुद्धता असे मानले तर जगात कुणाकडेच परंपरा उरणार नाही, आमच्याकडेही नाही. तो कांदा आणि ती मिरची आमच्या जात्या-उखळात कुठून आली, ते शोधायला गेलो तर मिरचीपाशी अमेरिकेतच पोहोचू.

देशीवादाची कसोटी लावून पाहावी, असेही आम्हांला सुचवावेसे वाटते. भूमीशी, भाषेशी, श्रमाशी असलेले नाते हा जर देशीपणाचा निकष असेल, तर हा बर्गर अस्सल देशी आहे. तो त्यांचा आहे, आमचा नव्हे, एवढेच. परक्याचा देशीपणा ओळखता न येणारा देशीवाद केवळ घराचा उंबरा राखतो.

आता एक गोष्ट जी चर्चासत्रांत कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात 'बर्गर' ह्या शब्दाविषयीची नापसंती सगळीच भांडवलशाहीच्या विरोधातून आलेली नाही. तिच्यात गोमांसाविषयीची नापसंती मुरलेली आहे, आणि ती वैचारिक परिभाषेच्या पावात झाकून वाढली जाते. गंमत अशी, की १९९६ साली मॅकडोनल्ड्स भारतात आले तेच गोमांस वगळून. म्हणजे ज्या बर्गरवर आमचे समीक्षक तुटून पडतात तो बहुतेकदा बटाट्याचा असतो. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंची २०१५ पासून बंद आहे. त्याच २०१५ साली शाहू पाटोळे ह्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न, त्यातले मांसाचे पदार्थ, त्यांची नावे आणि कृती त्या पुस्तकाने मराठीत पहिल्यांदा इतक्या तपशिलाने नोंदवल्या. कुणाचे ताट 'संस्कृती' ठरते आणि कुणाचे 'विकृती', हा प्रश्न ज्यांनी जगून विचारला त्यांच्याशेजारी बसून आपण 'बर्गर-संस्कृती' म्हणून नाक मुरडतो, तेव्हा ते मुरडलेले नाक कुणाचे आहे हे तपासले पाहिजे. गोमांस न खाण्याचा कुणाचाही अधिकार आम्हांला मान्य आहे; पर्यावरणाचा मुद्दा काढून ते सोडणाऱ्यांशीही आमचे भांडण नाही, त्यांचा हिशेब बरोबर आहे आणि आमचे तीन बर्गर त्या हिशेबात आमच्या नावावर लिहावेत. पण कारण जे असेल ते सांगावे. धर्माचे असेल तर धर्माचे, जातीचे असेल तर जातीचे. त्याला बोद्रियारचे नाव देऊ नये.

रॉक आयलंड रेल्वे १९७५ साली दिवाळखोरीत गेली आणि ३१ मार्च १९८० रोजी बंद पडली. जिच्या कारखान्यांवर गाव उभे होते ती कंपनी राहिली नाही. तिच्या स्थानकाच्या इमारतीत आता जिल्ह्याचे इतिहास-संग्रहालय आहे. एका रस्त्याचे नाव अजून रॉक आयलंड आहे, आणि त्याच रस्त्यावर १९४६ साली सुरू झालेले जॉनीज ग्रिल आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावात कांदा-बर्गरचा उत्सव भरतो. त्या दिवशी आठशे पौंडांहून जड असा एकच बर्गर भाजतात. हा प्रकार आम्हांला थोडा पोरकट वाटला, पण आमच्याकडच्या विक्रमी खिचडीला आम्ही टाळ्या वाजवल्या आहेत, तेव्हा गप्प बसलो. उत्सवाच्या कथेत संपाचा उल्लेख असतो. संप कशासाठी झाला होता, ते शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारून पाहिले. त्यांचे आजोबा रेल्वेत होते. मजुरी कापली होती, एवढे त्यांना माहीत होते. किती, ते नव्हते. मग त्यांनी आम्हांला उलट विचारले की तुमच्याकडे काय खातात. आम्ही पाच मिनिटे झुणका-भाकर समजावून सांगत होतो. त्यांना त्यातला कांदा तेवढा नीट कळला.

त्या चर्चासत्राचे निबंध आता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आहेत. बीजभाषण अर्थातच पहिले आहे. आम्ही पुन्हा रेघा ओढत वाचले. अकरांपैकी दोन उल्लेख संपादकांनी गाळले आहेत.